जयसिंगपूरचा खुनी

मगदूम अण्णांचा खुनी जयसिंगपुरात राहत होता, आणि दर शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे वही पोचवत होतो. सोमवारी सकाळी पावणेसातला तीच वही परत घ्यायची आणि कोल्हापूरला आणून अण्णांच्या टेबलावर ठेवायची. अण्णा टोपी सरळ करून वही उघडायचे, दोन पानं वाचायचे आणि मान हलवून म्हणायचे, "लई पोचलेला माणूस हाय, सुतार. ह्या खेपेलाबी ठसा ठेवला न्हाय."

गैरसमज नको म्हणून सांगतो. अण्णा पोलीस खात्यात नव्हते. कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात ते जावक कारकून होते आणि मी आवक. आलेला कागद मी नोंदवायचा, गेलेला त्यांनी. आमची टेबलं समोरासमोर होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजच्या पायऱ्या फक्त वडील चढले होते, तेही दारांना बिजागऱ्या बसवायला. त्यामुळे पदवीचा कागद मी दप्तरात घेऊन फिरत असे. आमचं गाव जयसिंगपूरपासून तीन मैलांवर. राजारामपुरीत चौघांत एक खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी गावी जायचो. अण्णांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "पावणं, गाव कुठलं?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी रजिस्टर्ड पोस्टानं आलो होतो.

अण्णा रहस्यकादंबऱ्या लिहायचे. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांसाठी त्या काळात पातळ कागदावर अशा कादंबऱ्या निघत. मुखपृष्ठावर एक बाई किंचाळत असे आणि मागे सुरी. अण्णांच्या कादंबऱ्यांची तऱ्हा वेगळी होती. पहिलं प्रकरण पोलिसाचं, दुसरं खुन्याचं, तिसरं पुन्हा पोलिसाचं. इन्स्पेक्टर सरनोबत यांच्या प्रकरणात सरनोबतांना दिसेल तेवढंच. खुन्याच्या प्रकरणात खुन्याच्या मनात असेल तेवढंच.

"मजा कुणाची हाय ठाऊक हाय का?" अण्णा मला समजावायचे. "सरनोबतची न्हाय, खुन्याचीबी न्हाय. वाचणाऱ्याची. गल्लीच्या ह्या टोकानं एक माणूस येतोय, त्या टोकानं दुसरा. दोघांस्नी एकमेक दिसत न्हायत. पर कोपऱ्यावर जो उभा हाय त्याला दोन्हीकडचं दिसतंय. त्याची छाती धडधडली पायजे."

ही पद्धत अण्णांनी कादंबरीपुरती ठेवली असती तर त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. त्यांनी ती सगळ्या कोल्हापुराला लावली होती. एकदा आमच्या ऑफिसच्या दारात दोन रिक्षावाले भांडत होते. एकाचा आरसा फुटला होता. अण्णा जेवण सोडून खाली गेले. "थांबा. हे झालं तुमचं प्रकरण. आता गप ऱ्हावा. ह्यांचं प्रकरण ऐकू द्या." दुसरा बोलला. "झालं? आता परत तुम्ही. पर मागचं सांगायचं न्हाय, म्होरचं सांगा." असं सहा प्रकरणं चाललं. शेवटी दोघेही रिक्षावाले एक झाले आणि म्हणाले, "काका, तुमचं काय काम हाय हितं?" अण्णा वर येऊन समाधानानं म्हणाले, "मिटलं."

साहेब शिपायावर ओरडत असले तरी अण्णा फाईल काखेत धरून दारात उभे राहायचे आणि साहेबांनी श्वास घेतला की म्हणायचे, "साहेब, आता सम प्रकरण. शिपायाचं." साहेबांना सुरुवातीला ते कळेना. कळल्यावर त्यांनी ओरडणं कमी केलं.

दुसरा नियम याहून कडक होता. दुसऱ्याच्या प्रकरणात हात घालायचा नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी आवक रजिस्टरमध्ये एक क्रमांक दोनदा टाकला आणि पुढचे तीन दिवस सगळे क्रमांक एकानं चुकत गेले. अण्णांना ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं. त्यांनी सांगितलं नाही, रजिस्टरला बोटही लावलं नाही. मात्र तिसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते घरी जाईनात. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसून राहिले. मी तपासत गेलो आणि दीड तासानं चूक सापडली. मला रडू यायचं बाकी होतं.

"अण्णा, तुम्हाला दिसलं होतं ना? मग सांगायचं तरी!"

"प्रकरण तुमचं हाय. मी हात घातला तर ते धड तुमचं ऱ्हातंय, ना धड माझं हुतंय." मग पिशवीतून शेंगाचा लाडू काढून पुढे केला. "खावा. आता जन्मात चुकणार न्हाई."

खरोखरच पुढे चुकलो नाही. आज मी जो काही आहे त्यात त्या दीड तासाचा वाटा आहे, असं मी मानतो.

अण्णांची तिसरी गोष्ट म्हणजे ते रजा घेत नसत. अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून येत. मी एकदा कारण विचारलं. त्यांनी रजेचा छापील अर्ज काढून एका रकान्यावर बोट ठेवलं: 'रजेच्या काळातील पत्ता.' म्हणाले, "हितं काय लिहू? मंगळवार पेठेतली माझी खोली? ती तर हापिसच्या काळातलीबी हाय. मग रजा घेऊन फरक काय पडला?" मला तो विनोद वाटला आणि मी हसलो. अण्णाही हसले.

आता खुन्याकडे येतो.

नोकरीला महिना झाल्यावर एका शनिवारी अण्णांनी खाकी कागदात बांधलेली दोनशे पानी वही माझ्या हातात दिली. "जयसिंगपुरात स्टँडच्या मागं किराणा दुकान हाय, त्याच्यावर माडी. वर जायाचं आणि वही द्यायची."

"कुणाकडे?"

"खुन्याकडं. सरनोबतची प्रकरणं मी लिवतो. खुन्याची तिकडनं येत्यात. दोन माणसांची मनं एका डोक्यात मावत न्हाईत, सुतार. आजवर कंडक्टरच्या हातानं पाठवत हुतो, पर कंडक्टर बदलत्यात."

मी आयुष्यात पहिल्यांदाच लेखकाला भेटायला निघालो होतो. अण्णांना लेखकांत धरत नव्हतो, कारण ते रोज समोर दिसायचे. जिना चढताना मनात एक दाढीवाला माणूस तयार झाला होता, सिगारेट ओढणारा, लाल डोळ्यांचा. माडीवर पन्नाशीच्या एक बाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. कपाळाला विभूतीची आडवी बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी.

"कोण पायजे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "खुनी."

"मीच की," त्या म्हणाल्या. "आण हिकडं."

पदराला हात पुसून त्यांनी वही घेतली, गाठ तपासली आणि तुरीच्या डब्यामागे ठेवली. "सोमवारी सकाळी ये. आईतवारी माझं लिवणं असतंय." मग वर न बघता विचारलं, "सरनोबतचा खोकला बरा हाय?"

"कुणाचा?"

"काय न्हाय. जा, गाडी चुकंल."

खाली दुकानात बसलेल्या त्यांच्या भावानंच पुढे दोन-चार महिन्यांनी मला एका वाक्यात उलगडा केला. "अक्का आमची बहीण. मगदूम आमचं दाजी. आठ-नऊ वर्सं झाली, एकमेकांचं तोंड बघितलं न्हाय." आणि गूळ तोलता तोलता म्हणाला, "फकस्त खून करत्यात दोघं मिळून."

माझी छाती धडधडली. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस मीच होतो.

त्या दिवसापासून मी एसटीत वही वाचायला लागलो. वाचू नये, हे कळत होतं. पण आवक कारकुनाला हातातून जाणारा कागद न वाचता सोडवत नाही. वहीत पत्राचा एक शब्द नव्हता. 'कसे आहात' नाही, 'बरी आहे' नाही. एक प्रकरण अण्णांच्या टाकाच्या अक्षरात, दुसरं अक्कांच्या गोल अक्षरात, एवढंच. मात्र नीट वाचलं की काही गोष्टी ध्यानात येत. अण्णांच्या प्रकरणात सरनोबत जेवायला बसत आणि भाजी करपलेली निघे. पुढच्या प्रकरणात खुनी रिकाम्या गोदामात दबा धरून बसलेला असे आणि त्याच्या मनात येई, 'कढई पातळ बुडाची असेल तर जाळ बारीक ठेवावा, हे पोलीस खात्यात कुणालाच ठाऊक नाही.' सरनोबत रात्रभर खोकले, की खुनी त्यांच्या खिडकीखालून जाताना अडुळशाच्या झाडापाशी अडखळून पडे. एकदा सरनोबतांनी खुन्याच्या घराची झडती घेतली. घरात शस्त्र सापडलं नाही. पण जिन्याची तिसरी पायरी हलते, ती बसवून घ्यावी नाहीतर एखाद्याचा पाय मुरगळेल, असा शेरा त्यांनी पंचनाम्यात लिहिला. ती पायरी खरोखरच हलत होती. मी अण्णांना बोलता बोलता सांगितलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी गेलो तर पायरी पक्की झालेली.

बाकी खून अक्का फार स्वच्छ करायच्या. त्यांचा खुनी निघताना भांडी घासून ठेवून जाई.

एक कादंबरी संपली की दुसरी सुरू व्हायची. मी आल्यापासून अशा तीन झाल्या. दोन हजार साल उलटलं आणि वाचनालयं बंद पडायला लागली. लोकांच्या घरात केबल आली होती, खून फुकटात दिसत होते. अण्णांच्या प्रकाशकानं दुकान आवरलं आणि शिल्लक पुस्तकं रद्दीत घातली. तरी वही चालूच होती. या वेळच्या कादंबरीचं ऐंशीवं प्रकरण उलटून गेलं आणि दुसरी वही जोडावी लागली.

"अण्णा, ही संपणार कधी? छापणार कोण?"

"तिला सांगू नका छापणारा उठला म्हणून."

"पण खुनी कोण ते तर सरनोबतांना एकविसाव्या प्रकरणातच कळलंय."

"कळलंय. पर पकडलं की संपलं न्हवं का?" अण्णा म्हणाले आणि जावक रजिस्टर पुढे ओढलं.

इथे माझ्या हातून एक चूक झाली.

तो सोमवार होता. सकाळी वही घेऊन मी नेहमीच्या सात-पाचच्या गाडीत बसलो आणि अक्कांचं नवं प्रकरण उघडलं. शहाण्णवावं. पहिल्या ओळीपासूनच ते वेगळं होतं. खुनी कुणाच्या मागावर नव्हता आणि कुणी त्याच्या मागावर नव्हतं. तो घरात बसला होता. पळून पळून त्याचे पाय दुखत होते. त्यानं पिशवीत दोन कपडे भरले, दाराला कुलूप लावलं आणि स्टँडवर आला. शेवटची ओळ अशी होती: 'खुनी सव्वासहाच्या कोल्हापूर गाडीत खिडकीपाशी बसला.'

मी त्या मार्गाचा जुना प्रवासी. सव्वासहाची गाडी बंद होऊन चार वर्षं झाली होती. मला वाटलं, एवढ्या रंगलेल्या प्रकरणात अशी ढोबळ चूक राहिली तर वाचक काय म्हणतील? वाचक आता मी एकटाच उरलो होतो, हे मनात आलं नाही. बी.ए.च्या अभिमानानं मी कानावरची पेन्सिल काढली, 'सव्वासहा'वर बारीक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सात-पाच'. गाडी हातकणंगल्याला पोचली होती. मला फार बरं वाटत होतं.

अण्णांनी प्रकरण वाचलं. त्या दिवशी त्यांनी 'पोचलेला माणूस' वगैरे काही म्हटलं नाही. आठवडाभर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे पाठ करून लिहिलं आणि शनिवारी वही बांधून दिली.

सोमवारी सकाळी मी माडीवर गेलो तर अक्का दारात उभ्या होत्या. हातात उघडी वही, बोट एका ओळीवर.

"वही मिळायची न्हाय," त्या म्हणाल्या. "सांग जा त्यांस्नी. संपली म्हणावं."

"संपली? पण अजून कोरी पानं..."

"संपली म्हणलं न्हवं."

दार लागलं. मी रिकाम्या हातांनी कोल्हापूरला आलो. माझ्याकडे वही नाही, हे अण्णांनी मी जिना चढत असतानाच पाहिलं असावं. मी निरोप सांगितला. अण्णा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, अगदी त्या पहिल्या आठवड्यासारखे.

"सुरुवातीपासून सांगा. काय करत हुती?"

"उभ्या होत्या."

"वही?"

"हातात. उघडी."

"कुठलं पान?"

"पान नाही दिसलं. बोट होतं एका ओळीवर. पेन्सिलीची खूण..."

माझे कान तापले. अण्णांची नजर माझ्या कानावर गेली. तिथे पेन्सिल होती.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, तिनंच खोडून दुरुस्त केलंय," ते हळू म्हणाले. "आणि तिला वाटलं, मी."

मग त्यांनी मला पहिल्या कादंबरीची गोष्ट सांगितली. ती दोघांनी मंगळवार पेठेतल्या खोलीत, एका कंदिलाच्या दोन बाजूंना बसून लिहिली होती. अक्कांच्या शेवटच्या प्रकरणात खुनी सुटत होता. प्रकाशक म्हणाला, खुनी सुटला तर वाचनालयवाले पुस्तक घेणार नाहीत. अण्णांनी अक्कांना न विचारता ते प्रकरण बदललं आणि खुन्याला फाशी दिली. अक्कांना ते छापून आल्यावर कळलं.

"मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं, त्याचं तिला कायबी वाटलं न्हाय. एवढंच म्हणाली, 'माझ्या प्रकरणात हात घातलासा. परत घालायचा न्हाय.' दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. सहा म्हैन्यांनी मी एक नवं प्रकरण लिवून कंडक्टरच्या हातात दिलं. आठ दिवसांनी दुसरं प्रकरण आलं. तवापास्नं चाललंय." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "लगीन झाल्यावर माहेरास्नं परत येताना ती कायम सव्वासहाची गाडी धरायची, सुतार. मी आठ वाजता स्टँडवर न्यायला जायचो. तिनं खुन्याला त्या गाडीत बसवलं. आणि तुम्ही उतरवलंसा."

मी म्हणालो, "अण्णा, चला. आत्ताच जाऊ. तुम्ही सांगा त्यांना."

"मी न्हाय. तिच्या प्रकरणात हात घालायचा न्हाय, असं ठरलंय. चूक तुमची हाय, तुमचं प्रकरण तुम्ही सांगा."

तो आठवडा कसा गेला ते सांगत नाही. खाली दोन दुचाकीवाले तावातावानं भांडले, तरी अण्णा जागचे उठले नाहीत. त्यावरून काय ते समजावं.

शनिवारी मी माडी चढलो. अक्का दार लावायच्या आत एका दमात बोललो, "रेघ मी मारली. अण्णांनी नाही. ती गाडी बंद झालीय, म्हणून मला वाटलं..."

"कुठली गाडी?"

"सव्वासहाची."

"बंद झाली?" त्यांनी दार पुरतं उघडलं. "कवा?"

"चार वर्षं झाली."

अक्का उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "चार वर्सं. मी आपली रोज सकाळी उठले की म्हणायची, आज न्हाय, उद्या सव्वासहानं जाऊ. आणि ती गाडी नव्हतीच व्हय?" त्यांना हसू आलं. पण ते हसू नीट बाहेर पडलं नाही.

मला धीर आला. "अक्का, अण्णा छापणारा बंद पडला हे तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. पण..."

"ते मला ठाऊक हाय. खाली बघ जा. भाऊ आमच्याच कादंबरीच्या पानात शेंगदाणं बांधतोय. परवा सरनोबतच्या तपासात फुटाणं दिलं त्यानं." मग आवाज बदलून विचारलं, "ते का आलं न्हाईत तुझ्यासंगं?"

"तुमच्या प्रकरणात हात घालायचा नाही म्हणाले. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

अक्का ताडकन उठल्या. "हात घालू नका म्हणलं हुतं मी! येऊ नका असं कवा म्हणलं हुतं?"

सोमवारपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं मी कोल्हापूरला परत आलो आणि मंगळवार पेठेत अण्णांच्या खोलीवर गेलो. अण्णा करपलेली कढई घासत होते. मी अक्कांचं वाक्य जसंच्या तसं, त्याच चढ्या आवाजात सांगितलं. अण्णांच्या हातातली काथ्याची घासणी तशीच राहिली. "परत एकदा म्हणा," ते म्हणाले. मी म्हटलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा म्हणताना शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अकरा वर्सं," अण्णा म्हणाले. "सगळ्या गावाला दुसऱ्या बाजूनं बघा म्हणून सांगत फिरलो की वो मी."

त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. टोपी तीनदा बदलली. टोप्या दोनच होत्या. गाडीत त्यांनी खिडकीची जागा घेतली. हातकणंगलं गेल्यावर एकदम माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सुतार, जरा खुन्याच्या बाजूनं सांगा. दार उघडल्यावर काय दिसंल तिला?"

"तुम्ही दिसाल, अण्णा."

"म्हातारा दिसंल."

"त्यासुद्धा काही तरुण नाहीत."

"हे तिच्याम्होरं बोलू नका," अण्णा घाबरून म्हणाले.

जिना चढताना ते तिसऱ्या पायरीवर थांबले, पायानं दाबून पाहिली आणि पुढे निघाले. दार उघडंच होतं. अक्का समोर बसल्या होत्या. पुढ्यात सूप होतं, पण सूप रिकामं होतं. त्यांनी अण्णांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सदऱ्याचं वरचं बटण नव्हतं, तिथे नजर जरा थांबली.

"पोलीस कायम उशिराच येत्यात," अक्का म्हणाल्या.

"तपास चालू हुता," अण्णा म्हणाले.

"अकरा वर्सं?"

"पुरावा मिळंना."

अण्णा चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे होते. आत यायचं की नाही, हे ठरत नसावं. अक्का उठून आत गेल्या आणि आतूनच ओरडल्या, "आता काय वॉरंट पायजे का? या की. आणि येताना ते बटण कुठं पाडलासा ते आठवा." मग मला म्हणाल्या, "तू जा रं पोरा, आई वाट बघत आसंल."

मी खाली उतरलो. दुकानात भावानं मला मूठभर फुटाणे दिले. पुडीच्या कागदावर मी पाहिलं, ते कुठल्याशा कादंबरीचं सदुसष्टावं प्रकरण होतं.

सोमवारी पावणेसातला मी सवयीनं माडीखाली गेलो. वरून अण्णांनी हाक मारली. आज वही नव्हती, एक पाकीट होतं. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं होतं. बटण वेगळ्या रंगाचं होतं.

"हे साहेबांस्नी द्या," ते म्हणाले. "पर आधी आवकला नोंद करा. नियम तो नियम."

ऑफिसात येऊन मी पाकीट फोडलं. रजेचा अर्ज होता, वहीच्या कोऱ्या पानावर छापील नमुन्यासारखे रकाने आखलेला. मी नोंदवलेला अण्णांचा पहिलाच. रजेचं कारण: 'तपासकाम पूर्ण झाल्याने.' रजेच्या काळातील पत्ता: 'सौ. गौरा गुरुपाद मगदूम यांचे घर, स्टँडमागे, जयसिंगपूर.' ही ओळ लिहिताना त्यांनी टाक पुन्हा पुन्हा बुडवला असावा, शाई दाट होती. 'रजा केव्हापासून' या रकान्यात त्या दिवशीची तारीख होती. 'केव्हापर्यंत' हा रकाना कोरा होता.

साहेबांनी अर्ज खालून वर वाचला. "सुतार, मगदूमांनी हे भरायचं राहून गेलंय. पंधरा दिवस टाकून द्या तुम्हीच, आणि आणा सहीला."

माझ्या कानावर पेन्सिल होती. मी ती काढली आणि टेबलाच्या खणात ठेवून खण लावून घेतला.